आमची वाटचाल : अण्णांच्या रजिस्टरपासून मशीनच्या आठवणीपर्यंत

आमची फर्म गावच्या प्राथमिक दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. 2003 साली कोल्हापुरात एका छोट्या गाळ्यात, व्हिज्युअल बेसिक 6 आणि अ‍ॅक्सेसवर सुरुवात झाली. तेव्हा संस्थेत दुधातली फॅट (स्निग्धता) मोजायची ती गर्बर पद्धतीनं. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, 10 मिली सल्फ्युरिक आम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. सचिव रीडिंग वहीत लिहायचे आणि रात्री आमच्या प्रोग्रॅममध्ये भरायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, मिल्क अ‍ॅनालायझर आले, सिरियल पोर्टची केबल आली आणि आकडे थेट स्क्रीनवर दिसायला लागले. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली सभासदांची नावं युनिकोडमध्ये आणली, मोबाइल अ‍ॅप काढलं. त्या प्रत्येक टप्प्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण आज मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: फर्मला जे माहीत असतं ते राहतं कुठे, आणि ते कोडिंगला मदत करणाऱ्या एआय असिस्टंटपर्यंत आम्ही कसं पोचवलं.

बाहेरच्याला वाटतं, लिटर गुणिले दर, झालं दूध बिल. तसं नसतं. बिल दहा दिवसांचं म्हणायचं, पण महिन्याचा तिसरा हप्ता 21 तारखेपासून अखेरपर्यंत असतो. म्हणजे 31 चा महिना असेल तर 11 दिवस, फेब्रुवारीत 8 नाहीतर 9. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बांधलेला, म्हशीचा 6.0 आणि 9.0 वर. तिथून वरखाली प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा कपात. मग पशुखाद्याची बाकी, अ‍ॅडव्हान्स, पतसंस्थेचा हप्ता. बिल कमी पडलं तर यातलं आधी काय कापायचं आणि काय पुढच्या बिलात ओढायचं, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं. आणि दिवाळीच्या तोंडावर फरक, म्हणजे बिलांव्यतिरिक्त दुधावर मिळणारी जादा रक्कम. वर्षभराच्या दुधावरचा फरक हाती पडायची वाट गाव बघत असतं. त्यात एका सभासदाचा हिशोब चुकला तर दुसऱ्या दिवशी सचिवांच्या दारात दहा माणसं.

हे सगळं आमच्याकडे एका माणसाच्या डोक्यात होतं. आमचे पहिले प्रोग्रॅमर. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. कुठल्या संस्थेत कपातीचा क्रम काय, कुठे सकाळ-संध्याकाळची फॅट वेगळी धरतात आणि कुठे सरासरी काढतात, हे त्यांना न बघता सांगता यायचं. 2018 ला ते निवृत्त झाले. त्याआधी बरेच महिने आमचा एक तरुण सहकारी रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून विचारायचा आणि लिहून घ्यायचा. त्यातून जाड रजिस्टरं तयार झाली. अण्णांची एक अट होती: नियम लिहिलास की त्याखाली कारण लिही.

उदाहरण देतो. आमच्या कोडमध्ये काही संस्थांसाठी फॅटचा दुसरा दशांश सरळ सोडून दिलेला आहे. अ‍ॅनालायझरनं 6.48 दाखवली तरी बिलाला 6.4 धरायची. नव्या माणसाला ही उघड चूक वाटते. रजिस्टरात त्याखाली अण्णांनी कारण लिहून घेतलंय. ब्युटिरोमीटरवरची बारीक रेघ 0.1 ची, त्यामुळे पूर्वीपासून दरपत्रक 0.1 च्या टप्प्यानं. अ‍ॅनालायझर आल्यावर दुसरा आकडा दिसायला लागला, तेव्हा या संस्थांनी सभासदांच्या सभेत ठरवलं की पूर्ण झालेला टप्पाच धरायचा. ठराव प्रोसिडिंग बुकात आहे. म्हणजे ही ओळ प्रोग्रॅमरची नाहीच, ती गावानं ठरवलेली आहे.

2025 मध्ये आम्ही एआय असिस्टंट रोजच्या कामात घेतला. दोन-तीन वापरून पाहिले, नावं सांगत बसत नाही, कारण मुद्दा सगळ्यांना लागू आहे. काम खरोखर चांगलं. जुन्या व्हिज्युअल बेसिकमधला रिपोर्ट वाचून तो नव्या भाषेत मांडणं, टेस्ट लिहिणं, सिरियल पोर्टवरून येणाऱ्या ओळीतला आकडा कुठे तुटतोय ते शोधणं, अशा कामांत आमचे दिवसचे दिवस वाचले. आणि मग एका दुपारी त्यानं ती फॅटची ओळ 'दुरुस्त' केली. 6.48 ची 6.5 झाली. सहकाऱ्यानं बदल तपासताना ते पकडलं, असिस्टंटला सगळं समजावलं. त्यानं लगेच मान्य केलं आणि ओळ पूर्ववत केली. दुसऱ्या दिवशी नवं सेशन (असिस्टंटशी नवं संभाषण) उघडून त्याच फाइलवर दुसरं काम दिलं, तर जाता जाता तीच ओळ परत 'दुरुस्त'.

सहकारी वैतागला. पण असिस्टंटनं कालचं ऐकलं नव्हतं असं म्हणणं बरोबर नाही. त्याच्यासाठी काल नावाची गोष्टच नव्हती. असिस्टंटच्या आत जे एआय मॉडेल असतं, त्याला जे येतं ते प्रशिक्षणाच्या वेळी पक्कं झालेलं असतं, तुमच्या बोलण्यानं त्यात काही भरत नाही. एका सेशनमध्ये आधीचं बोलणं त्याला आठवल्यासारखं वाटतं, कारण दर वेळी आधीचा सगळा मजकूर पुन्हा त्याच्यापुढे ठेवला जातो. त्या मजकुरालाही मर्यादा आहे. जागा भरत आली की जुन्याचा सारांश काढून पुढे नेतात, आणि फॅटच्या दशांशासारखा बारकावा सारांशात पहिला गळतो. सेशन बंद झालं की पाटी कोरी. तेव्हा आठवण द्यायची म्हणजे एवढंच, की बाहेर कुठेतरी लिहून ठेवायचं आणि पुढच्या सेशनच्या सुरुवातीला त्याच्यापुढे ठेवायचं. बाकी तंत्राची नावं कितीही मोठी असोत, आत हेच असतं.

लिहायची सोय बहुतेक साधनांत असते. क्लॉड कोड हा असाच एक असिस्टंट सुरुवातीला क्लॉड.एमडी नावाची फाइल वाचतो, इतर अनेक साधनं एजंट्स.एमडी वाचतात. साधी मजकुराची फाइल, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची. आमच्याकडे तर रजिस्टरं तयार होती, ती टाइप करून सगळीच्या सगळी त्या फाइलीत घातली. फरक पडला, पण हवा तेवढा नाही. मजकूर इतका लांब झाला की असिस्टंट मधल्या सूचना गाळायला लागला. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलच्या हातून निसटते, हे 2023 मधल्या संशोधनातही दिसलेलं आहे.

मग फोड केली. मुख्य फाइल एक-दोन पानांची. त्यात फक्त रोज लागणारं: प्रोग्रॅमची रचना, टेस्ट कशा चालवायच्या, कुठल्या फाइलींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि कुठल्या कामासाठी कुठली नोंद वाचायची. दरपत्रक, कपाती, फरक, काट्याची केबल यांच्या नोंदी त्या त्या कोडच्या फोल्डरमध्ये. कपातीवर काम असेल तेव्हाच कपातीची नोंद उघडते. तिसरी गोष्ट म्हणजे सेशन संपताना लिहायची छोटी नोंद: आज काय झालं, काय राहिलं, आणि काय करून पाहिलं पण सोडून दिलं. यातलं शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काय झालं ते कोडमध्ये दिसतंच. सोडून दिलेल्या वाटेचा मागमूस कोडमध्ये राहत नाही, आणि नोंद नसेल तर असिस्टंट पुन्हा उत्साहानं त्याच वाटेनं जातो. खरं तर माणूसही जातो.

मधल्या काळात एक मोठा प्रयोगही केला. सगळी संभाषणं आपोआप साठवायची, त्यांचे व्हेक्टर (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडलेला) करून डेटाबेसमध्ये ठेवायचे, आणि काम निघालं की अर्थानं जवळचे तुकडे शोधून असिस्टंटपुढे ठेवायचे. ऐकायला हेच सगळ्यात पुढचं तंत्र. आमच्या कामात ते बसलं नाही. गाईच्या दरपत्रकाचं आणि म्हशीच्या दरपत्रकाचं बोलणं शब्दांनी जवळजवळ सारखंच असतं. एका संस्थेचा कपातीचा क्रम आणि शेजारच्या गावातल्या संस्थेचा क्रमही तसाच. शोधाला ते 'जवळचे' वाटतात आणि नको तो तुकडा पुढे येतो. दुसऱ्या कुणाच्या व्यवसायात हे उत्तम चालत असेल. जिथे पैशाचा नियम एका शब्दावर फिरतो, तिथे कुठली नोंद वाचायची ते माणसानं ठरवलेलं बरं, असं माझं ठाम मत झालं.

नोंद कशी असते ते दाखवतो. फॅटची नोंद आता अशी आहे: 'फॅटचा दुसरा दशांश सोडायचा, राउंड करायचा नाही. कारण: संस्थेच्या सभेचा ठराव, टप्पा पूर्ण झाला तरच दर. लागू: सोबतच्या यादीतल्या संस्था. सांगणार: संस्थेचे सचिव. शेवटचं तपासलं: अमुक तारीख. बदल करायचा असल्यास आधी विचार.' पूर्वी फक्त पहिली ओळ होती तेव्हा असिस्टंट तेवढ्या फाइलीत नियम पाळायचा, पण अ‍ॅपच्या पावतीवर तीच फॅट राउंड करून दाखवायचा, कारण तिथल्याबद्दल कुणी बोललेलं नव्हतं. कारण लिहिल्यावर त्यानं स्वतःहून दाखवून दिलं की पावतीवर 6.5 आणि बिलात 6.4 दिसलं तर सभासद विचारणारच. अण्णांची जुनी अट मशीनलाही लागू पडली, याचं मला मनापासून समाधान आहे.

नोंदीवरची तारीख तर अतिशय महत्त्वाची. दुधाचे दर वर्षातून कितीदा तरी बदलतात. 2024 मध्ये गाईच्या दुधाला सरकारी अनुदान आलं, तेव्हा त्याच्या अटी आणि रक्कम काही महिन्यांतच बदलत गेल्या. अशा वेळी जुनी नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. काहीच माहीत नसेल तर असिस्टंट निदान विचारण्याची शक्यता असते. जुनं माहीत असेल तर खात्रीनं जुनंच करतो. म्हणून प्रत्येक नोंदीला कुणीतरी धनी आहे आणि मार्चअखेरीस, हिशोब मिटवताना, नोंदीही तपासून घ्यायच्या असा नेम ठेवलाय. ज्या लागू नाहीत त्या काढून टाकतो. फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये जुनं सगळं राहतंच, त्यामुळे काढताना हात आखडत नाही.

असिस्टंटला नोंदवहीत थेट लिहू देत नाही. तो मजकूर सुचवतो, कोडच्या बदलासारखाच तो बदल माणूस वाचतो आणि मगच आत घेतो. यात थोडा वेळ जातो, पण त्याला पर्याय नाही. चुकीची समजूत एकदा नोंदीत शिरली तर ती पुढच्या प्रत्येक सेशनमध्ये सत्य म्हणून वाचली जाणार. सभासदांची नावं, आधार, बँक खाती, पासवर्ड यातलं काहीही नोंदीत येता कामा नये, हा दुसरा नियम. उदाहरणाला लागतात ते सभासद काल्पनिक, क्रमांक काल्पनिक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहेच, पण तो नसता तरी गावानं विश्वासानं दिलेली माहिती अशी सांडायची नसते.

नोंदी आम्ही मराठीतच लिहितो. तांत्रिक सल्ला उलट मिळाला होता, आणि त्यात तथ्य आहे. तोच मजकूर देवनागरीत लिहिला तर मॉडेलचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागतात, म्हणजे जागाही जास्त आणि पैसेही. तरी मराठीच ठेवली, कारण या नोंदी तपासणारे लोक प्रोग्रॅमर नाहीत. सपोर्टचा फोन घेणाऱ्या ताई रोज सचिवांशी बोलतात. कुठल्या संस्थेनं काय बदललं ते आधी त्यांना कळतं. एकदा कपातीची नोंद वाचून त्या म्हणाल्या, "सर, ह्या संस्थेत आता आधी हप्ता कापतात, पशुखाद्य नंतर. नव्या सचिवांनी फिरवलंय." नोंद इंग्रजीत असती तर ही दुरुस्ती कुणी केली असती?

याचा एक फायदा आम्ही धरून चाललो नव्हतो. नुकतीच एक मुलगी रुजू झाली. घरी जनावरं नाहीत, फॅट म्हणजे काय इथपासून सुरुवात. तिला असिस्टंटच्याच नोंदी वाचायला दिल्या. काही आठवड्यांत ती सचिवांशी 'हप्त्या'बद्दल न अडखळता बोलायला लागली, आणि वाचताना जिथे तिला कारण कळलं नाही तिथे तिनं खूण केली. त्या सगळ्या नोंदी आम्ही पुन्हा लिहिल्या.

आता प्रत्येक संस्थेच्या नोंदी छापून त्या त्या सचिवांना देतोय. तुमच्या संस्थेबद्दल आमचं सॉफ्टवेअर हे असं धरून चालतं, वाचून सांगा. एका सचिवांनी कागद चष्म्याजवळ नेऊन सगळा वाचला आणि म्हणाले, "साहेब, हे पुढच्या मीटिंगला संचालक मंडळापुढं ठेवतो. आमच्यातल्याच निम्म्यांना हे म्हाईत नाही." येत्या दिवाळीच्या फरकाचं काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या संस्थांकडून असे तपासलेले कागद परत यायला हवेत. त्याच्या मागे सध्या आम्ही सगळे लागलो आहोत.