तार बघितली आणि निकाल लागला

लंडनमधल्या एका दुकानात जुने दागिने पारखायचं काम मी करतो. त्या दिवशी एक वयस्क ग्रीक बाई आल्या आणि रुमालातून कानातल्यांची जोडी काढून समोर ठेवली. वर सोन्याच्या पाकळ्या, खाली लोंबता गरुड आणि त्याच्या पंजात पोरगा. म्हणजे गॅनिमीड. ट्रॉयच्या या राजपुत्रावर ग्रीक देवांचा राजा झ्यूस भाळला, गरुड होऊन त्याला देवांच्या डोंगरावर, ऑलिम्पसवर घेऊन गेला आणि मद्य वाढायला ठेवलं. बापाला बदल्यात दिव्य घोडे दिले. (घोडे घेऊन गप्प बसणारा हा बाप मला कधीच पटलेला नाही.)

"पणजोबांना शेतात सापडली," बाई म्हणाल्या. काळजात धस्स झालं. अशी अस्सल जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, इ.स.पू. 330 ते 300 च्या सुमाराची. तिच्यातला पोरगा भरीव ओतीव, पण गरुडाचे पंख नि शेपूट ठोकलेल्या पत्र्याचे. ही जोडी खरी निघाली असती, तर आनंद कमी आणि कायद्याचं लचांड जास्त.

मूर्तीकडे मी फारसं बघितलंच नाही. सुबक मूर्ती कुठलाही चांगला कारागीर घडवतो. भिंग नेलं ते कडेच्या बारीक तारेवर. ग्रीक सोनार सोन्याची अरुंद पट्टी पिळून, मग लाटून तार करत. त्यामुळे तिच्यावर मळसूत्रासारखी तिरकी शिवण फिरत जाते. इथे मात्र तारेच्या लांबीने सरळ ओरखडे होते. म्हणजे जंतरातून, भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढलेली तार; ही नंतरच्या काळातली रीत! शिवाय नक्षीतल्या सोन्याच्या बारीक दाण्यांच्या, म्हणजे रव्यांच्या, बुडाशी डाक (जोडायचा धातू) साचलेला. जुन्या कामात रवा असा बसतो की सांधा शोधावा लागतो.

बाईंचा चेहरा पडला, म्हणून पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातले तज्ज्ञ कसे फसले ती गोष्ट सांगितली. सैटाफर्नीस या प्राचीन राजाचा म्हणून त्यांनी 1896 मध्ये सोन्याचा मुकुट 2,00,000 फ्रँकना घेतला. त्यावर ट्रोजन युद्धातले प्रसंग कोरलेले. 1903 मध्ये ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि तो मुकुट आपणच केलाय हे पटवायला त्यातला एक भाग पुन्हा घडवून दाखवला. माझं विचाराल तर त्या तज्ज्ञांपेक्षा मला त्याचंच कौतुक.

"मग त्याला तुरुंगात टाकलं?"

"छे! पुढे पॅरिसलाच स्थायिक झाला."

बाई हसल्या. दाखल्यावर मी 'ग्रीक धर्तीचं, बहुधा एकोणिसाव्या शतकातलं काम' असं लिहिलं.

"म्हणजे आता रोज घालायला हरकत नाही," म्हणत त्यांनी तिथेच कानात अडकवली. उजवीकडचा आकडा सैल होता, तो आवळून दिला.