शहाबादी फरशीवरचे कपाट
आमच्या जुन्या घरातील शहाबादी फरशी मोरीच्या बाजूला उतरती असल्यामुळे, सुट्या भागांचे नवे कपाट जोडताच त्याची दारे एकमेकांना घासू लागली आणि दोष बिजागऱ्यांचा नसून तळाचा आहे, हे पाणसळ (सपाटी तपासायची, आत बुडबुडा असलेली पट्टी) ठेवल्यावरच कळले. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पायांचे स्क्रू फिरवले. पाय पुरेना तिथे प्लास्टिकची पाचर सारली, कारण पुठ्ठ्याची घडी ओल धरते आणि दबते. पाठीचा प्लाय काढून, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आल्यावरच, म्हणजे चौकट काटकोनात बसल्यावरच, तो पुन्हा ठोकला. उघड्या खणावर मूल चढले तर कपाट पुढे कलंडते, म्हणून वरची कड काटकोनी एल-पट्टीने भिंतीला जखडलीच. गिलावा भुसभुशीत निघाल्याने भोक मात्र थेट विटेपर्यंत न्यावे लागले.