बेरीज जुळेपर्यंत

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. 2015 साली तिथे माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडांमुळे पसरणारा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आला आणि काजू वेचायला रानात जाणं भीतीचं झालं. लशीचा विषय निघाला की आई विचारायची, "टोचून घेतली तर खरंच उपयोग होता गो?" पुढे एमडी करताना याच प्रश्नावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू घेतला, म्हणजे त्यावर झालेले सगळे अभ्यास ठरावीक पद्धतीने शोधून एकत्र तपासायचं काम.

वर्षभर खपून निबंध एका नियतकालिकाला पाठवला, तो परत आला. असा रिव्ह्यू लिहिताना काय काय सांगायचं हे ठरवणारी प्रिझ्मा 2020 ची 27 मुद्द्यांची यादी मी अगदी शेवटी, एका रात्रीत भरली होती. प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक होता, पण त्या पानावर ती माहिती असेलच असं नव्हतं.

सातवा मुद्दा सांगतो, प्रत्येक डेटाबेसमध्ये केलेला शोध जसाच्या तसा द्या, फिल्टरसकट. मी लिहिलं होतं, 'पबमेड व एम्बेसमध्ये योग्य शब्द वापरून शोध घेतला.' योग्य म्हणजे कोणते? 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' एवढंच, की 'केएफडी'सुद्धा? वाचणाऱ्याला तोच शोध पुन्हा घेता आला नाही, तर माझ्या हातून काय निसटलं हे त्याला कळणार कसं? शोध साठवलेला नव्हता, तारीखही टिपलेली नव्हती. सगळा शोध नव्याने घेतला, नोंदी पुन्हा चाळल्या. चवथीची सुट्टी त्यातच गेली.

तरी किती सापडलं, किती वगळलं, किती उरलं हे दाखवणाऱ्या फ्लो डायग्रामच्या चौकटींची बेरीज जुळेना. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागदावर तीन शब्द लिहिले: नोंद, अहवाल, अभ्यास. "हे तिन्ही तू एकच धरलेस," त्या म्हणाल्या. डेटाबेसमध्ये शीर्षक-गोषवारा दिसतो ती नोंद. छापलेला निबंध हा अहवाल. लोकांवर प्रत्यक्ष झालेलं काम तो अभ्यास, आणि एकाच अभ्यासावर दोन-तीन निबंध निघू शकतात. एका जुन्या अभ्यासाचे दोन निबंध मी दोन अभ्यास म्हणून मोजले होते. म्हणजे तीच माणसं दोनदा! अशाने निष्कर्ष आहे त्याहून पक्का वाटतो. त्या भरवशावर मी आईला उत्तर देणार होते, या विचाराने पोटात गोळा आला.

निकषांत बसतील असे वाटूनही वगळलेले अभ्यास कारणांसह द्यायचे होते, प्रॉस्पेरोत (रिव्ह्यूंचे आराखडे आधीच नोंदवायच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवलेल्या आराखड्यात नंतर केलेले बदल सांगायचे होते. ते दोन दिवसांत झालं. प्रिझ्मा रिव्ह्यू करायला शिकवत नाही, काय केलं ते उघड मांडायला लावते. मला तरी तेच जास्त कठीण गेलं.

अखेर बेरीज जुळली. 'अहवाल मिळाले नाहीत' या चौकटीत दोन उरले, दोन्ही इंटरनेटपूर्व काळातले. आधी ती चौकट मी आखलीच नव्हती. त्यांतल्या एकासाठी अजून ग्रंथालयांना पत्रं लिहिते आहे.