हॅलिन फेलला पावसात वळसा

ढग हॅलिन फेलच्या कमरेपर्यंत उतरले होते, म्हणून माथ्याचा विचार सोडला. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगराला ‘फेल’ आणि ओढ्याला ‘बेक’ म्हणतात. हा फेल तसा बुटका, ३८८ मीटरचा. माथ्यावर १८६४ सालचा दगडी मनोरा आहे, पण तिथे जायचं ते खालचं अल्सवॉटर तळं बघायला, आणि ढगात तेच दिसत नाही. त्यापेक्षा डोंगराला पायथ्यानेच वळसा घालावा: हाउटाउनचा धक्का, काठाकाठाने सँडविक, तिथून वर मार्टिनडेलचं जुनं चर्च आणि खिंडीतून परत हाउटाउन. साधारण सहा किलोमीटर. एरवी दोन तास पुरतात, पावसात तीन धरावेत.

पेनरिथ स्टेशनहून ५०८ नंबरची बस पूली ब्रिजला येते आणि तिथून स्टीमर हाउटाउनला. उतरल्यावर आधी परतीच्या शेवटच्या स्टीमरची वेळ बघून घ्यायची. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, आणि वारा जोराचा असेल तर रद्दही होतात.

सह्याद्रीत पावसात भिजण्याची सवय असलेल्यांनी इथे जास्त जपावं. महाबळेश्वरला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, पण तो कोमट. इथे ऑक्टोबरात सात-आठ अंशांचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि थांबलात की दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. जीन्स आणि सुती टी-शर्ट घालूच नये: सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, वर रेनकोट आणि रेनपँट. छत्रीचा उपयोग नाही. सॅकचं रेनकव्हर वाऱ्याने फुगून निघतं, म्हणून सॅकच्या आतच जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड तिच्यात ठेवावा. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही. कागदी नकाशा, ओएस या ब्रिटिश नकाशासंस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल५ क्रमांकाचा, हवा तेवढा भाग वर येईल असा घडी करून पारदर्शक पिशवीत ठेवला की काम होतं.

तळं उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की वाट चुकत नाही. खरी कसोटी हॅलिनहॅगच्या जंगलात लागते. वाट ओकच्या मुळांवरून आणि गुळगुळीत खडकांवरून खालीवर होते. ओलं मूळ साबणासारखं असतं, तिरकं असेल तर बुटाची कुठलीच पकड चालत नाही. पाय मुळांच्या मधल्या मातीत टाकावा, पाऊल लहान ठेवावं. उतारावर काठी थोडी लांब करून आधी ती टेकवावी, मग पाय. बुटाच्या खाचांत चिखल भरला की दगडाच्या कडेवर तो खरवडून काढावा. घसरगुंडी होते ती बहुतेकदा भरलेल्या खाचांमुळेच.

सँडविक म्हणजे मोजकी घरं. तिथून गाडीरस्त्याने वर.

मार्टिनडेलचं जुनं चर्च म्हणजे सेंट मार्टिनचं, ते दुरून गोठ्यासारखं वाटतं: बुटकं, लांबट, पाटीच्या दगडाचं छप्पर, कळस नाही. इमारत सोळाव्या शतकाच्या अखेरची. अंगणातला यू वृक्ष तिच्याहून कितीतरी जुना, तेराशे वर्षांचा मानतात. त्याच्याखाली पावसाचा आवाजच बदलतो, सुया इतक्या दाट की थेंब खूप उशिरा खाली पोचतात. दाराशी बूट नीट पुसा, काठ्या बाहेर ठेवा, आणि आत गेल्यावर दार ओढून घ्या, नाहीतर पाखरं शिरतात. दार उघडं टाकून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आत जुनं लाकूड, ओल्या दगडाचा वास आणि बाप्तिस्म्याचं कुंड. हे कुंड म्हणजे मुळात रोमन वेदीचा दगड, हाय स्ट्रीट डोंगरावरच्या रोमन रस्त्याजवळून आणलेला असं सांगतात. त्याच्या कडेला खोल, निमुळत्या चिरा आहेत. कधीकाळी त्यावर लोकांनी हत्यारं घासली म्हणे. बोट फिरवलं की चीर मधे खोल आणि टोकांना उथळ लागते, विळा घासून घासून घराच्या पायरीला पडते तशी. वेदी, निसणा, मग कुंड! बाहेर छपरावर पाऊस वाजत होता आणि त्या दगडापासून हलावंसं वाटत नव्हतं. मार्टिनडेलला येऊन नुसता माथा गाठून परतणाऱ्यांचं फार मोठं नुकसान होतं.

परतताना खिंडीत नवं चर्च लागतं, सेंट पीटरचं. १८८२ साली ते वापरात आलं, आणि त्याच्या प्रतिष्ठापनेच्याच दिवशी वादळाने जुन्याचं छप्पर उडालं अशी आख्यायिका आहे. पुढे जुन्याची डागडुजी झाली, म्हणून ते आज उभं आहे.

खिंडीतून हाउटाउनकडे रस्ता नागमोडी आणि तीव्र उताराचा. डांबरावरून पाणी वाहत असेल तर गवताच्या कडेने उतरावं, गाड्यांना वाट देता येते आणि गुडघ्यांनाही बरं. धक्क्यावर वीस मिनिटं आधी पोचा. स्टीमर रद्द झाला तर पूली ब्रिज पायी सात किलोमीटर आहे. दोन तास धरा, आणि हेडटॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.