स्लाइडवरून रंगीत प्रिंट, निगेटिव्हच्या कागदावर

सिबाक्रोम, म्हणजेच पुढचं इल्फोक्रोम, हे स्लाइडवरून (सरळ रंगांची पारदर्शक फिल्म) थेट प्रिंट काढायचं साहित्य बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी घरच्या डार्करूममध्ये स्लाइडवरून प्रिंट काढता येते, तीही नेहमीच्या आरए-४ कागदावर, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या प्रिंटसाठीच्या कागदावर. रंगीत डेव्हलपरच्या आधी ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपर द्यायचा, एवढाच मुख्य फरक. बाकीच्या कटकटी त्यातूनच निघतात.

एन्लार्जरखाली (फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) एक्स्पोजर देऊन कागद पूर्ण अंधारात ड्रममध्ये, म्हणजे उजेड आत न जाणाऱ्या बंद नळकांड्यात, घाला. ८×१० इंचाला ड्रमप्रमाणे ७० ते १०० मिली द्रावण पुरतं. प्रथम कागदासाठीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपर, २४ अंश सेल्सिअसला २ ते ३ मिनिटं. मग स्टॉप बाथ आणि पाणी बदलत निदान २ मिनिटं धुणं. इथे फिक्सर चुकूनही नको. पुढे रंग ज्यातून उमटायचे तीच चांदी तो धुऊन नेतो. धुण्यातही कंजुषी नको. पहिला डेव्हलपर कागदात राहिला तर रंगीत डेव्हलपरचं काम अडतं आणि काळा रंग फिका पडतो.

आता झाकण उघडा. कागदावर करडी निगेटिव्ह दिसेल. ओला कागद पांढऱ्या दिव्याखाली मिनिटभर सगळीकडून उजळू द्या. इथे जास्त झालं तरी बिघडत नाही, कमी पडलं तर बिघडतं. यापुढचं सगळं उजेडात चालतं. आरए-४ डेव्हलपर ३५ अंशांना दीड-दोन मिनिटं. यात कागद जवळजवळ काळाकुट्ट होतो. घाबरू नका, चित्र ब्लिक्समध्येच (चांदी काढून टाकणारं ब्लीच आणि फिक्सरचं एकत्र द्रावण) उघडतं. मध्ये स्टॉप, मग ब्लिक्स २ मिनिटं आणि शेवटी धुणं. रंगीत डेव्हलपर त्वचेला बाधू शकतो, म्हणून हातमोजे हवेतच.

निगेटिव्हची सवय असेल तर डोकं इथे फिरतं, कारण सगळं उलटं चालतं. प्रिंट गडद आली तर एक्स्पोजर वाढवायचं. प्रिंटवर पिवळी झाक असेल तर एन्लार्जरच्या उजेडातला पिवळा फिल्टर कमी करायचा. ईझलखाली (कागद सपाट धरणारी चौकट) झाकलेली कड काळी येते, आणि स्लाइडवरची धूळ काळे ठिपके होऊन बसते. ते पुसायला पेन्सिल-ब्रश फारसे कामी येत नाहीत, म्हणून स्लाइड आधीच ब्लोअरने साफ करा.

कागद नारिंगी मास्क (फिल्मचा मूळचा नारिंगी रंग) असलेल्या निगेटिव्हसाठी घडवलेला असतो, त्यामुळे नुसत्या स्लाइडला पिवळा आणि मॅजेंटा फिल्टर भरपूर लागतो. डेव्हलप केलेल्या कोऱ्या रंगीत निगेटिव्ह फिल्मचा तुकडा फिल्टरच्या खणात ठेवला की बरंच अंतर कापलं जातं. टेस्ट स्ट्रिप (चाचणीची कागदपट्टी) वाळल्याशिवाय रंगाचा निवाडा करू नका, ओली प्रिंट निळसर भासते.

खरी डोकेदुखी कॉन्ट्रास्टची. निगेटिव्हची डेन्सिटी, म्हणजे फिक्या ते गडद भागांतला फरक, मर्यादित असतो, स्लाइडचा कितीतरी जास्त. आणि कागद मात्र मुळातच कडक, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणारा. सावल्या काळ्यात बुडतात, उजळ भाग कोरे पडतात. ढगाळ, मऊ उजेडातली स्लाइड निवडणं हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरा प्री-फ्लॅश: चित्र टाकण्याआधी कागदाला किंचित सरसकट उजेड द्यायचा, त्याने सावल्या उघडतात. वेगवेगळ्या वेळांची पट्टी काढा, काळा करडा व्हायला लागतो त्याच्या एक पायरी अलीकडची वेळ घ्या. तरीही भागलं नाही, तर ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर स्लाइडचा फिकट, किंचित धूसर निगेटिव्ह मास्क बनवून स्लाइडशी जुळवायचा. कष्टाचं काम आहे, पण चमकत्या पाण्याच्या स्लाइडला याच्याशिवाय गत्यंतर नाही.