अर्धा किलो चटणी, दीड किलो कुरिअर

"काकी, खोकं केवढं आहे?"

वेबसाइट दुरुस्त करायला बोलावलेल्या पोरीचा हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, अगं, पाकीट अर्ध्या किलोचं आहे. "वजन नव्हे, खोकं. टेप हाय का घरात?"

शिवणाच्या डब्यातली टेप आणली. लांबी 25 सेंटिमीटर, रुंदी 20, उंची 15. तिनं मोबाइलवर गुणाकार केला, 5000 नं भागलं आणि उत्तर माझ्यासमोर धरलं: दीड. कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या मापावरून निघणारं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. मी गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोचं कुरिअर लावत होते आणि स्वतः दीड किलोचं भरत होते. दोन महिने. वर त्या कुरिअरवाल्याला मनातल्या मनात शिव्या.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरी चटणी होते. पुण्या-मुंबईची माणसं तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आम्ही नुसती चटणी. उन्हाळा लागला की लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची, कांदा-खोबरं भाजायचं आणि डंकावर नंबर लावायचा. सासूबाईंच्या वेळी पाहुण्यांपुरती व्हायची. आता ठाण्या-पुण्याकडून फोन येतात, म्हणून वेबसाइट.

पहिली एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतली. अठरा हजार रुपये. दिसायला देखणी, वर सरकणारे फोटो, आणि मजकूर असा: "आम्ही आपणांस उत्कृष्ट दर्जाची उत्पादने पुरविण्यास कटिबद्ध आहोत." इथं आम्ही बायका "मी आलो, मी गेलो" म्हणणाऱ्या, आणि माझ्या चटणीच्या तोंडी ही भाषा! पण खरी अडचण भावाची होती. मिरची चढली की चटणीचा भाव बदलावा लागतो. मी व्हॉट्सॲप करायची, तो "करतो काकी" म्हणायचा आणि आठ दिवस जायचे. तोवर जुन्या भावानं आलेल्या ऑर्डरी गुमान पाठवायच्या. पुढं तो नोकरीला बाहेरगावी गेला, आणि ऐन मार्चमध्ये साइट बंद पडली. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, वर्षाची मुदत संपली होती. डोमेन त्याच्या नावावर, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर. पोरगा सज्जन, फोन लागल्यावर त्यानं सगळं करून दिलं. पण फोन लागेपर्यंत माझी झोप उडाली.

मग मी हट्टानं स्वतःच बसले. महिन्याला पैसे भरायचे आणि पडद्यावरच्या चौकटी ओढून-सोडून पान मांडायचं, अशा सेवेवर. रात्री भांडी आवरली की मोबाइल घेऊन बसायचं. पहिला आठवडा फॉन्टमध्ये गेला, छान दिसणाऱ्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटत होती. चटणीचा फोटो ट्यूबलाइटखाली विटेच्या चुऱ्यासारखा यायचा, शेवटी दुपारी चारच्या उन्हात गच्चीवर काढला तेव्हा कुठं तिचा लाल रंग आला. आणि एका रात्री अकरा वाजता मी भाव बदलला, सकाळी नव्या भावानं ऑर्डर आली. त्या सकाळच्या चहाची चव अजून आठवते.

पण त्या सेवेनं मला फक्त वजन विचारलं, खोकं नाही विचारलं. आणि मालपरतीचा मजकूर तिथला तयार इंग्रजी नमुना होता, मी न वाचता ठेवून दिला. त्यात 30 दिवसांत माल परत घेऊ असं होतं. बहुतेक कपड्यांच्या दुकानासाठी लिहिलेलं. ठाण्याच्या एका बाईंनी निम्मी संपलेली चटणी परत पाठवली, तिखट लागली म्हणून. पैसे दिले, करणार काय!

तेव्हा ही पोरगी आली. दोन दुपारी बसली, तीन हजार घेतले. पान मांडलं नाही, रंग बदलले नाहीत, मजकुराला हातही लावला नाही. "तो तुमचाच बरा आहे, फक्त चटणीच्या शेजारी कांदा-लसूण मसालाही लिहा, बाहेरची माणसं तेच शोधतात." डोमेन माझ्या नावावर, माझ्या मेलवर आणलं. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडला, साधारण 2 टक्के जातात आणि त्या रकमेवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 450 च्या ऑर्डरीमागं 10 रुपये 62 पैसे. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी नोंदणीचा, 14 अंकी नंबर पाकिटावर होता, तो पानावर घातला. मग खोक्याकडं वळली. 18 बाय 12 बाय 10 चं आणलं तर मापाचं वजन अर्ध्या किलोच्या आत बसतं. पण अर्धा किलो चटणी आणि वर खोकं, म्हणजे खरं वजन अर्ध्याच्या वर जाणार आणि एक किलोचा दर लागणार.

"चारशे ग्रॅमचं पाकीट करा की."

चारशे ग्रॅम चटणी कुणी मागतं का, पावशेर नाहीतर अर्धा किलो! मी दोन दिवस अडून बसले. आता चारशेचंच पाकीट आहे आणि कुणीही विचारलेलं नाही.

भिशीत बायका विचारतात, स्वतः करू का माणूस लावू? भाव, फोटो, मजकूर, म्हणजे जे रोज बदलतं ते माझ्या हातात हवं, त्यासाठी कुणाची मनधरणी मी पुन्हा करणार नाही. पण पैसे, डोमेन आणि कुरिअर यांसाठी जाणकार माणूस दोन दुपार बसवा, आणि तो आधी प्रश्न विचारतो की आधी डिझाइन दाखवतो एवढं बघा. राजारामपुरीत ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणीला मी साइटच नको म्हटलं. तिची गिऱ्हाइकं चालत येतात, गूगलच्या नकाशावर नोंद, वेळ आणि चार फोटो पुरे. त्या नोंदीतून फुकट होणाऱ्या साइट गूगलनं मार्च 2024 मध्ये बंद केल्या, नोंद मात्र राहिली. आणि एक: विक्स नावाच्या ओढून-सोडून पान मांडायच्या सेवेवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या जागी, नेता येत नाही, वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची नेता येते. हे सुरू करण्याआधीच कळलेलं बरं.

मालपरतीचा मजकूर शेवटी मीच लिहिला: "फोडलेलं पाकीट परत घेत नाही. तिखट लागलं तर फोन करा, किती दही घालायचं ते सांगेन." पोरगी हसली, म्हणाली गेटवेवाले हा मजकूर बघतात, नापास करतील. त्यांनी काही विचारलं नाही. फोन मात्र येतात.