राजदूत ३५०चा पिस्टन जाम: बोअर करण्याआधी गळती शोधा

यामाहाच्या आरडी ३५०वर बेतलेली राजदूत ३५० एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये भारतात आणली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ५४ मि.मी., रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणाऱ्या, मागे न जाऊ देणाऱ्या पाकळ्या), सहा गिअर. सुरुवातीच्या हाय टॉर्क मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी, नंतरच्या लो टॉर्कची २७. मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक इथे येताना ड्रम झाला.

माझ्या हाय टॉर्कचा डावा पिस्टन जाम झाला. गार झाल्यावर किक फिरू लागली. अशा वेळी बहुतेक जण थेट ब्लॉक काढून बोअरला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) पाठवतात, आणि तोच पिस्टन पुन्हा धरतो. पिस्टन जाम होणं हा परिणाम आहे, कारण दुसरीकडे असतं. म्हणून इंजिन उघडण्याआधी दाबाची चाचणी घेतली.

या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक कक्ष (पिस्टनखालच्या पोकळ्या) वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येक बाजू स्वतंत्र तपासायची. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढले. एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचं रबर ठेवून पट्टी आवळली. पिस्टन खाली आणला, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (मिश्रण खालून सिलिंडरमध्ये नेणाऱ्या वाटा) उघडे राहतात आणि सिलिंडर-क्रँक एकच पोकळी होते. हवा कार्बोरेटरच्या रबरातून भरली. प्लगच्या भोकातून भरली तर रीडच्या पाकळ्या मिटतात आणि त्यांच्यामागचं कार्बोरेटरचं रबर तपासायचं राहून जातं. दाब ६ पीएसआय, वेळ ६ मिनिटं. मिनिटाला १ पीएसआयपर्यंत उतरला तर चालतं.

उजवी बाजू टिकली. डावी अर्ध्या मिनिटात शून्यावर आली. साबणाचं पाणी बेस पॅकिंग, हेड, रीड ब्लॉक सगळीकडे लावलं, कुठेच फुगा नाही. अल्टरनेटर काढल्यावर मात्र क्रँकच्या डाव्या ऑइल सीलच्या ओठाशी बारीक फेस धरला. तिथून जास्तीची हवा आत येत होती, मिश्रण पातळ होऊन तापत होतं. उजवं सील गेलं तर लक्षण उलट: तिथे क्लचकडचं ऑइल आत ओढलं जातं आणि त्या सायलेन्सरमधून न थांबणारा धूर येतो.

सील बाहेरून ठोकून बसवलं की वाकडं बसायचा धोका असतो, म्हणून केस उघडली. ती आडवी, वर-खाली अशी सुटते. दोन्ही सील नवी घातली, ओठाला टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लावून.

पिस्टनवरचे ओरखडे नीट वाचावेत. चारही कोपऱ्यांवर सारखे असतील तर पिस्टन-सिलिंडरमधली फट कमी पडली किंवा इंजिन गार असतानाच पिळलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता किंवा ऑइलची कमतरता. माझे एक्झॉस्टकडचेच होते.

पिस्टन आधी विकत घ्यायचे, बोअर त्यांच्या मापाने. दोन्ही बाजू एकाच ओव्हरसाइजला, मी ०.५० मि.मी. मोठे घेतले. पिस्टनचं माप स्कर्टच्या तळापासून १० मि.मी. वर, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात. फट ०.०४५ मि.मी. ठेवायला सांगितली. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या होतात, रिंग तिथे अडकून मोडते. बारीक कानसीने प्रत्येक कड हलकी मोडून मग पॉलिश पेपर फिरवला. हे काम लेथवाल्यावर सोडू नये. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजने पाहिली, ०.३ मि.मी. आली.

जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची टोकं खाचेतल्या खिळ्यांवर, गजन पिनचे लॉक नवेच. हेडच्या नटांना तिरपं-समोरासमोर, तीन टप्प्यांत ताण.

ठिणगीचं टायमिंग डायल गेजने, प्रत्येक सिलिंडरचं वेगळं. पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट ०.३५ मि.मी., ठिणगी टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) २.० मि.मी. आधी. एक पॉइंट मुख्य प्लेटवर, दुसरा तिच्यावरच्या छोट्या प्लेटवर असतो. मुख्य प्लेट आधी लावावी, नाहीतर तिच्यासोबत दुसरंही टायमिंग हलतं. मग कार्बोरेटरच्या दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बोटं लावून पाहिलं. एक जरी मागे राहिली तर ती बाजू उपाशी राहते.

इंजिनात टूटी ऑइल सोडणाऱ्या ऑटोल्यूब पंपाचा ब्लीड स्क्रू सोडून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ऑइल वाहू दिलं. नळीत हवेचा एक तुकडा राहिला तरी नवा पिस्टन पहिल्याच फेरीत जाईल, म्हणून पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळलं.

सुरू करण्याआधी दाबाची चाचणी पुन्हा घेतली. डावीकडे ६ मिनिटांनंतर काटा साडेपाचवर होता. पहिले ५०० किलोमीटर ४,००० आरपीएमच्या आत, पण मोठ्या गिअरमध्ये घुसमटवत नाही. शेवटी चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडा असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबलो आणि बी८एचएस प्लग काढले. दोन्ही सारखेच, तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर.